लढाईतले इंजिन आणि उसाची वाट



मागच्या हंगामातली गोष्ट. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी आम्ही गटऑफिसच्या चिटबॉयसह फडावर गेलो होतो. अडीच एकर को ८६०३२, खोडवा, पण वजनाला चांगला. टोळीने दोन दिवसांत निम्मा फड झोपवला आणि तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. काळी जमीन! भरलेली डबल ट्रॉली बांधापासून पन्नास पावलांवर आसापर्यंत रुतली. दुसरा ट्रॅक्टर लावला, तोही रुतला. शेजारच्या रानातून बांधाच्या कडेने मुरमाड वाट होती. तेवढी मिळाली असती तर तासाभराचे काम. पण शेजारी म्हणजे सख्खा चुलतभाऊ. सात वर्षांपासून बोलणे बंद. त्याने बांधावर बाभळीच्या काट्या टाकून ठेवलेल्या.

तोडलेला ऊस तसाच पडून राहिला. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. सभासद आमच्याकडे बघायचे आणि आम्ही आभाळाकडे.

तिथे गावातले एक माजी सैनिक उभे होते. वय सत्तरीच्या पुढे. सगळा प्रकार पाहून म्हणाले, "साहेब, फौजेत आधी वाट करतेत, मंग गाडी आणतेत. आपल्याकडं आधी गाडी रुतवतेत आन् मंग वाटंसाठी भांडतेत." नोकरीची काही वर्षे त्यांनी दारूगोळ्याच्या डेपोत काढलेली. डेपोच्या आतपर्यंत रेल्वेचे रूळ कसे जातात, डबे ढकलायला इंजिन कसे येते, हे त्यांनी आम्हाला ट्रॅक्टर निघेपर्यंत सांगितले. आपल्या विदर्भातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराला अशीच रेल्वेची साइडिंग आहे.

त्यांचे ते वाक्य डोक्यात राहिले. हंगाम संपल्यावर सवड काढून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. जे हाती लागले ते वाचून आम्हीच चकित झालो, कारण फौजेच्या या छोट्या रेल्वेचे मूळ चक्क साखरेच्या शेतात निघाले.

बीटाच्या चिखलातून तोफखान्यात

फ्रान्स देशात पॅरिसजवळ पॉल देकोव्हिल नावाचा मोठा शेतकरी होता. त्याच्याकडे साखरेचे बीट होते. १८७५ साली पीक काढणीच्या वेळी जमीन इतकी ओली झाली की बैल-घोड्यांच्या गाड्या शेतात जाईनात. मग त्याने हलके लोखंडी रूळ, खालच्या पट्ट्यांसकट जोडलेले, तुकड्यातुकड्याने शेतात अंथरले. माणसांनी उचलावेत, पुढे टाकावेत, काम झाले की काढून घ्यावेत. त्यावर लहान डबे ढकलून त्याने बीट बाहेर काढले. पुढे हाच त्याचा धंदा झाला.

ही युक्ती फ्रेंच तोफखान्यातल्या पेशो नावाच्या अधिकाऱ्याने हेरली. तोफेचा गोळा काय आणि बीटाची पाटी काय, चिखलात दोन्ही सारखीच रुततात! १८८८ मध्ये फ्रेंच सैन्याने ६० सेंटीमीटर रुंदीचे हे रूळ आपल्या किल्ल्यांसाठी स्वीकारले. ६० सेंटीमीटर म्हणजे सुमारे दोन फूट. आपल्या उसाच्या सरीपेक्षाही कमी! जर्मन सैन्यानेही त्याच मापाची फौजी रेल्वे उभी केली.

इंग्रज मात्र मोटारी आणि रस्ते यांच्या भरवशावर राहिले. १९१६ साली सोमच्या लढाईत पावसाने आणि गोळ्यांनी रस्त्यांची चाळण झाली, तेव्हा त्यांचेही डोळे उघडले. मग घाईघाईने इंजिनांच्या ऑर्डरी निघाल्या. अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याने १९१६-१७ मध्ये एकाच नमुन्याची ४९५ वाफेची इंजिने करून दिली. इंग्लंडच्या हन्स्लेट कारखान्यानेही केली. बाल्डविनचे एक इंजिन साडेचौदा टनांच्या आसपास भरायचे. ते वजन दहा चाकांवर वाटलेले, चाकांखाली रूळ, रुळांखाली पट्ट्या. म्हणून ज्या रानात घोडा पोटापर्यंत बुडत होता, त्याच रानातून हे धूड गोळे भरलेले डबे ओढीत जात होते.

आता यातही दोष होते, ते सांगितले पाहिजेत. हे इंजिन उंच आणि अरुंद. वरच्या अंगाने जड. रूळ जरा खचला की कलंडायचे. दुसरे म्हणजे, दिवसा धूर दिसायचा आणि रात्री भट्टीचा उजेड व ठिणग्या. शत्रूच्या तोफांना आयते निशाण! म्हणून वाफेची इंजिने मागच्या टापूतच चालवीत. आघाडीजवळ पेट्रोलवर चालणारी लहान इंजिने माल पुढे नेत आणि शेवटच्या टप्प्याला खेचरे व माणसांच्या पाठी. एकच गाडी आगगाडीच्या स्टेशनापासून खंदकापर्यंत नेण्याचा हट्ट कोणी धरला नाही.

आपली माणसे, आपले रूळ

ही गोष्ट परदेशाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेली फौज सहावी पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाई. तीत मराठा पलटणी होत्या. ही फौज कूत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. मदतीची फौज काही मैलांवर येऊन अडकली. तुर्कांचे मोर्चे भक्कम होतेच, पण चिखल, पूर आणि वाहतुकीची दैना हेही मोठे कारण होते. नदीतल्या बोटी अपुऱ्या आणि रेल्वे नाही. त्यानंतर मात्र हिंदुस्थानातून मीटरगेजचे रूळ, डबे, इंजिने आणि रेल्वेची माणसे तिकडे गेली आणि बसऱ्याहून नासिरियापर्यंत लाइन पडली. वाट झाली, पण उशिरा.

आपल्या हिंगोलीचेच पाहा. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि पूर्णा-हिंगोली ही मीटरगेज लाइन आली १९१२ मध्ये. म्हणजे फौज होती तेव्हा रेल्वे नव्हती. ती लाइन पुढे खांडव्याला जोडली गेली आणि २००८ साली पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाली. लहानपणी पाहिलेली ती लहान गाडी आम्हाला अजून आठवते.

कमी वजन प्रत्येक चाकावर, हे तत्त्व आपल्या मुलखात बार्शी लाइट रेल्वेने आधीच दाखवून दिले होते. कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी लाइन सुरू केली. इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्याचा नियम. त्यामुळे हलक्या रुळांवर भरपूर माल जाऊ लागला. ही लाइन १९११ मध्ये लातूरला पोचली. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी तिचा प्रवास केलेला आहे.

लढाई संपली, इंजिन उसाला लागले

१९१८ ला युद्ध थांबले. शेकडो इंजिने बिनकामाची झाली. ती स्वस्तात विकली गेली आणि त्यांतली बरीच हिंदुस्थानात आली. कुठे? तर उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यांत, उसाचे डबे ओढायला! ज्या इंजिनाने तोफेचे गोळे वाहिले त्यानेच पुढे कित्येक वर्षे उसाच्या मोळ्या वाहिल्या. बाल्डविनचे ७७८ नंबरचे इंजिन असेच उत्तर प्रदेशातल्या एका साखर कारखान्यातून १९८० च्या दशकात इंग्लंडला परत गेले. तिथल्या लेटन बझार्ड येथील छोट्या रेल्वेवर ते दुरुस्त करून पुन्हा चालते केले गेले.

म्हणजे बीटाच्या शेतातून निघालेली युक्ती लढाईला गेली आणि लढाईतून उसाच्या फडात परत आली.

महाराष्ट्रातही हरिगावची बेलापूर कंपनी, वालचंदनगर अशा जुन्या खासगी कारखान्यांनी उसासाठी अरुंद रूळ टाकले होते. त्यांना ते जमले, कारण मळा सलग आणि मालक एक. पुढे १९५० मध्ये प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराचा रस्ता दाखवला. ऊस हजारो सभासदांच्या तुकड्यातुकड्यांतून येऊ लागला. कुणाचा दीड एकर, कुणाचा तीन एकर. तिथे रूळ कोण टाकणार आणि कुणाच्या बांधावरून? तेव्हा बैलगाडी आली, टायरगाडी आली, ट्रॅक्टर-ट्रॉली आली. यात चूक काही नाही. पण रुळांबरोबर एक गोष्ट आपण गमावली. ती म्हणजे तोडणीच्या आधी वाटेचा विचार.

आपण काय घ्यावयाचे?

आम्ही काही रूळ टाका असे सांगत नाही. सांगावयाचे मुद्दे चारच आहेत.

एक. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. पडून राहिलेल्या उसाचे पाणी उडते म्हणून वजन घटते, ते नुकसान सभासदाचे. साखरेचे विघटन होऊन उतारा घटतो, ते नुकसान सगळ्यांचे. म्हणून रान ओले असेल तर टोळीला कोयता लावू देऊ नये. आधी वाट पाहावी, मग तोडीला हो म्हणावे.

दोन. भरलेली डबल ट्रॉली ओल्या काळ्या रानात घालू नये. फौजेप्रमाणे टप्पे करावेत. फडातून बांधापर्यंत टायरगाडी किंवा अर्धी भरलेली एक ट्रॉली आणि पक्क्या रस्त्यावर पूर्ण भरणी. खेप वाढते हे खरे, पण रुतलेला ट्रॅक्टर काढण्याचा खर्च, शिवाय दबलेल्या जमिनीत खोडव्याची फूट कमी होते, त्याचा हिशोब करून बघा.

तीन. शिगेच्या वर भरू नये. ते बाल्डविन इंजिन कलंडत होते त्याच कारणाने आपली ट्रॉली कलंडते. मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय रात्री गाडी रस्त्यावर आणू नये. यात कुणाच्या तरी घरचा जीव जातो.

चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, पाणंद. मे महिन्यात रान मोकळे असते, तेव्हाच मुरूम टाकून, नळ्या बसवून घ्याव्यात. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण अर्ज हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे दोघांनी बांधावर बसणे.

आता त्या गावाचे पुढे काय झाले ते सांगतो. चौथ्या दिवशी ऊस निघाला. काटापावती हातात पडली तेव्हा सभासद काही बोलले नाहीत, नुसती घडी घालून खिशात ठेवली. उन्हाळ्यात ते माजी सैनिक आणि आम्ही त्या चुलतभावाच्या घरी गेलो. चहा झाला. फौजी म्हणाले, "तात्या, औंदा त्याची ट्रॉली रुतली. पुढल्या पावसात तुझी रुतंल. तुझ्या वरल्या रानाला तरी कुठं वाट हाय? ती त्याच्याच बांधावरून जाती ना?" तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काट्या मी काढतो. मुरूम निम्मानिम्म."

दोघांनी आपापल्या बाजूने चार-चार हात जागा सोडली. एकमेकांशी ते अजूनही फार बोलत नाहीत. पण वाट झाली आहे. यंदा दोघांच्या तोडीची तारीख आम्ही लागोपाठ धरली आहे, म्हणजे एकाच टोळीत दोन्ही फड निघतील.

आपल्याही शिवारात अशी एखादी काट्या टाकलेली वाट असेल, तर गटऑफिसला कळवावे. बसायला आम्ही येऊ.