वारीच्या वाटेवरची द्राक्षबाग

आषाढात माउलींची पालखी बरडचा मुक्काम आटोपून नातेपुत्यात शिरते, तिथे सोलापूर जिल्हा सुरू होतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही मुक्कामांची नावे वारकऱ्यांच्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असतात. याच माळशिरस तालुक्यात, मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या गावांच्या शिवारात, 2007च्या सुमारास फ्रान्सहून आणलेली साडेतीन लाख द्राक्षरोपे लावली गेली. बारा जाती होत्या, क्षेत्र सुमारे 240 एकर. बाजारात पेटीतून जाणाऱ्या द्राक्षांची ही लागवड नव्हती. ही द्राक्षे वाइनसाठी होती.

फ्रातेल्ली या नावाने ओळखला जाणारा हा उद्योग भावांच्या तीन जोड्यांनी उभा केला. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेक्की. वाइन करण्याचे काम टस्कनीतल्या पिएरो मासी या अनुभवी जाणकाराकडे आले. सहा भाऊ आणि मासी मिळून सात जण, म्हणून त्यांच्या सर्वांत मानाच्या वाइनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. तिच्यात सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या दोन काळ्या द्राक्षांचा मेळ आहे. सांजोव्हेजे हे टस्कनीचे मूळचे द्राक्ष. 2010 मध्ये त्यांच्या वाइन बाजारात आल्या. आज मोटेवाडीला बाग पाहायची, तळघरातली पिंपे पाहायची, चव घ्यायची आणि मुक्काम करायचा अशी सोय आहे.

पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, बाग बघतात, आले त्या रस्त्याने परत जातात. मला खटकते ते हेच. टस्कनीत कोणी पाहुणा असा परतत नाही. तिथे एक गाडी आणि माहितगार चालक ठरवून लोक सकाळी सिएना किंवा सान जिमिन्यानोसारखे जुने गाव पाहतात आणि दुपारी चियांतीच्या टेकड्यांवरच्या द्राक्षमळ्यात पोचतात. कोसिमो तिसरा या ग्रँड ड्यूकने 1716 मध्ये फर्मान काढून चियांतीच्या हद्दी ठरवून दिल्या. गावाचे चर्च, वेशीची भिंत आणि मळ्यातली वाइन या तिन्ही गोष्टी त्या प्रवासात एकाच भूमीच्या म्हणून समजतात. आपल्याकडे मळा आहे आणि जुनी गावे त्याहून जुनी आहेत, पण कोणी ती एका दिवसात गुंफत नाही. सोलापूरहून सकाळी निघालेल्या गाडीला हे सहज जमते. फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत गाडी मुंबईहून दुपारी सुटून रात्री सोलापुरात पोचते, त्यामुळे लांबच्या पाहुण्यालाही आदल्या रात्री येऊन झोपता येते.

सकाळी पहिला थांबा सोलापूरचा भुईकोट किल्ला. बहमनी काळातला हा किल्ला, त्याच्या पोटात कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेजारी सिद्धेश्वराचा तलाव. 1818 च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने तो घेतला आणि पेशवाईचा या भागातला शेवटचा आधार गेला. इथे तासभर पुरे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्यावी, कारण पुढे रस्ता मोहोळवरून जातो आणि त्या भाकरीची खरी गोष्ट मोहोळलाच आहे. मालदांडी या गावरान ज्वारीतून निवडलेल्या ज्या वाणाला शेतकरी आजही ‘एम पस्तीस-एक’ म्हणतात, त्याची निवड मोहोळलाच झाली. पावसाळ्यात भिजलेल्या काळ्या जमिनीतली ओल धरून, पुढे पाऊस नसताना हिवाळ्यात उभी राहणारी ही ज्वारी. सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरातला. हे एवढे ध्यानात घेतले की पुढे दिसणारी प्रत्येक गोष्ट कळते, देऊळ असो, साखर कारखाना असो की द्राक्षाची तार.

वेळ हाताशी असेल तर मोहोळहून सरळ पंढरीला न जाता मंगळवेढ्याकडे वळावे. कलचुरी बिज्जलाची ही राजधानी. महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्यातला महत्त्वाचा काळ इथला मानतात. बहमनी अमलात दुष्काळ पडला तेव्हा सरकारी कोठारे उघडणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्रा इथली आणि गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले तेही इथेच. जिच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ती जमीनही हीच. धान्य आणि भक्ती यांची इतकी घट्ट गाठ महाराष्ट्रात दुसरीकडे मला माहीत नाही.

जवळच भीमेकाठी माचणूर आहे. सिद्धेश्वराच्या देवळाशेजारी किल्ल्याच्या भिंती दिसतात. औरंगजेबाची छावणी मे 1695 ते ऑक्टोबर 1699 अशी चार वर्षांहून अधिक काळ इथे, ब्रह्मपुरीला होती. त्याने जागेला इस्लामपुरी नाव दिले होते. त्याआधी, 1695 च्या मार्चमध्ये, छावणी कृष्णाकाठी गलगल्यास असताना, जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी बादशहाला भेटून गेला आणि वृद्ध औरंगजेबाचे वर्णन लिहून ठेवले. मोटेवाडीला आलेले इटालियन या मुलखातले पहिले नव्हेत. फरक एवढाच की आधीचा पाहुणा लढाईत उद्ध्वस्त झालेला प्रदेश पाहून गेला आणि नंतरचे इथे झाडे लावायला आले.

पंढरपुरात गर्दीच्या दिवशी दर्शन एका दिवसाच्या प्रवासात बसत नाही. मुखदर्शन घ्यावे आणि देवळाकडे इतिहास म्हणूनही पाहावे. होयसळ सोमेश्वराचा 1237 चा शिलालेख, यादव रामचंद्राच्या काळातला देणगीदारांच्या नावांचा ‘चौऱ्यांशी’चा लेख, 2024 मध्ये जीर्णोद्धाराच्या कामात उघड झालेले तळघर आणि त्यातल्या मूर्ती. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा या देवळाची दारे अस्पृश्य मानलेल्यांना उघडली. हे सांगणारा माणूस गाडीत हवा. नुसता चालक असेल तर पंढरपूर म्हणजे रांग आणि पेढे एवढेच पाहुण्याच्या लक्षात राहते.

पंढरपूर सोडल्यावर बागा दिसू लागतात. कासेगावच्या बाजूची द्राक्षे बरीचशी बेदाण्यासाठी जातात, आणि बेदाण्याचे सौदे पंढरपूरच्या बाजार समितीत होतात. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पसरायचे, आठ-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. शेडच्या दाराशी उभे राहिले तरी गोड, किंचित आंबूस वास येतो. सोलापूरच्या द्राक्षाचा विषय निघाला की नान्नजचे नानासाहेब काळे यांचे नाव आधी घ्यायला हवे. थॉम्पसनच्या बागेतली वेगळी काडी हेरून त्यांनी ‘सोनाका’ हा लांब मण्याचा वाण उभा केला आणि नंतर काळ्या द्राक्षात ‘शरद सीडलेस’. एका शेतकऱ्याच्या नजरेने राज्याच्या बागा बदलल्या. वाइनच्या बागेला भेट देणाऱ्याने हे नाव ऐकले नाही तर त्याला वाटेल की इथल्या माणसांना द्राक्ष बाहेरच्यांनी शिकवले.

वेळापूरला मात्र थांबायचेच. अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देऊळ, शेजारी बारव आणि रामचंद्र यादवाच्या अमदानीतले मराठी शिलालेख. सातशे वर्षांपूर्वीची मराठी इथे दगडावर वाचता येते. माउलींच्या पालखीचा मुक्काम याच गावी. पालखी मार्गाच्या चौपदरी रस्त्याचे भूमिपूजन नोव्हेंबर 2021 मध्ये झाले. रस्ता रुंद झाला आणि गाड्या भरधाव निघून जातात. मोटेवाडीहून परतणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जण इथे उतरतात ते देवळाच्या अंगणात बसले की कळते. फार थोडे. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच अंगण आहे.

इथून अकलूज अगदी जवळ. नीरेकाठचा किल्ला, त्यातली शिवसृष्टी. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला याच अकलूजच्या छावणीत मिळाली आणि त्याने गावाला असदनगर नाव दिले. ते नाव टिकले नाही. नदी टिकली, आणि पुढे कालव्याने गावाचे नशीब पालटले. भाटघर धरणाचे पाणी नीरा उजव्या कालव्याने आले तसे सासवडचे माळी शेतकरी इकडे येऊन ऊस करू लागले. 1932 मध्ये त्यांनी माळीनगरचा साखर कारखाना काढला. 1934 मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना श्रीपूरला. मळीपासून मद्यार्क काढण्याचा व्यवसाय या तालुक्याला पूर्वीपासून परिचयाचा आहे. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांनी सहकाराचे जाळे विणले.

पण कालव्याचे पाणी सगळीकडे पोचले नाही. तालुक्याचा दक्षिणेकडचा, पिलीवच्या अंगाचा भाग माळरानाचा राहिला. उसाला वर्षभर पाणी लागते आणि राज्याच्या सिंचनाचा फार मोठा वाटा तो एकटा घेतो. वाइनच्या द्राक्षाचे गणित उलटे आहे. ठिबकवर मोजून पाणी द्यायचे, वेलाला थोडी ओढ लावायची. पाणी जास्त झाले तर मणी फुगतो आणि रस पांचट होतो. खायच्या द्राक्षाला मण्याची लांबी, पातळ साल आणि बी नसणे हवे असते. त्यासाठी जिबरेलिक आम्लात घड बुडवायचे आणि मण्यांची विरळणी करायची. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया आणि घड दाटच ठेवलेला. सालीतच रंग आणि तुरटपणा असतो. म्हणून तांबड्या वाइनचा रस सालीसकट आंबवतात, तर पांढरीसाठी घड लगेच दाबून रस वेगळा करतात. आंबवण्याच्या काळात स्टीलच्या टाक्या बाहेरून थंड ठेवाव्या लागतात. सोलापूरच्या उन्हात ही थंडी सर्वांत महाग पडते.

इटलीत वेल हिवाळ्यात झोपतो. इथे तो झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड धरायचा. पीक मात्र एकच. परतीचा पाऊस लांबला की पोंग्यात डाऊनी रोग शिरतो, पुढे भुरी, आणि जानेवारीत अवकाळी आली की मणी तडकतात. जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत तोडणी, तीही पहाटेच्या गारव्यात, ऊन चढण्याआधी. चियांतीत तोडणी सप्टेंबरात सुरू होते. मासींना इथे अख्खे पंचांग नव्याने मांडावे लागले.  तोडणी पाहायला जाण्याची योग्य वेळ जानेवारीचा शेवट. संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोलापुरात रेंगाळत असते, मंगळवेढ्याकडे हुरड्याची कणसे मिळतात आणि मोटेवाडीला तोडणीच्या क्रेट भरू लागलेल्या असतात.

दारूचा प्रश्न टाळून हा विषय संपवता येणार नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्यांच्या वाटेवर वाइन हवीच कशाला, असे मनापासून विचारणारी माणसे या तालुक्यात आहेत, आणि त्यांना मागासलेले म्हणणे अन्यायाचे आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने राज्याने वाइनला शेतीपूरक उद्योग मानून सवलती दिल्या. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्याची परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा मोठा विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्या विरोधातली भीती मला खरी वाटते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे प्रत्येक गावात आहेत. वाइन दुकानात सोपी करण्यापेक्षा ती जिथे पिकते तिथेच, माहितीसकट आणि अन्नासोबत, थोडी चाखावी हे मला जास्त पटते. गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. आषाढी-कार्तिकीला राज्यात दारूबंदीचा दिवस असतोच. पालखी तालुक्यात असेल ते दिवसही पाहुण्यांनी सोडून द्यावेत. ज्यांना चाखायचे नाही त्यांच्यासाठी बाग, टाक्या आणि पिंपे पाहण्यासारखी आहेतच, आणि गावातल्या शाळांच्या सहलींना शेतीशास्त्र म्हणून ती दाखवायला काहीच हरकत नसावी.

या दिवसाला सर्वांत जास्त उणीव भासते ती माहिती देणाऱ्या माणसांची. वेळापूरचा लेख वाचून दाखवणारा, खरड छाटणी समजावणारा, दामाजींची गोष्ट मंगळवेढ्याच्या बोलीत सांगणारा वाटाड्या या गावांतलाच हवा. अकलूज, पंढरपूर आणि सोलापूरच्या महाविद्यालयांत इतिहास आणि शेती शिकणारी मुले-मुली आहेत. त्यांना आठवड्याच्या शेवटी हे काम मिळाले तर गाडीभाड्याबरोबर थोडा पैसा वेळापुरातही थांबेल.

हत्तरसंग कुडल या एका दिवसात बसत नाही. ते सोलापूरच्या दक्षिणेला, भीमा आणि सीना यांच्या संगमावर आहे. तिथल्या देवळातला शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. तिथलेच बहुमुखी शिवलिंगही पाहण्यासारखे आहे. मोटेवाडीला मुक्काम न करता रात्री सोलापूरला परतलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे जावे. जाताना पाणी आणि डबा बरोबर ठेवावा.