हौसेखातर तीनचाकी घेताना

तीन चाकांच्या यांत्रिक वाहनाकडे आपण एरवी भाड्याची रिक्षा म्हणूनच पाहतो. तिला हात करावा, बसावे, पैसे देऊन उतरावे, एवढाच आपला संबंध. गेल्या दोन वर्षांत मात्र आपल्या मंडळातील तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : ‘‘रविवारी नातवंडांना फिरवायला, केवळ हौस म्हणून, एखादी तीनचाकी घ्यावी म्हणतो, कोणती घ्यावी?’’ मी स्वतः खाजगी नोंदणीची एक रिक्षा बाळगून असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्यांचा रोख बहुधा रंग, इंजिन आणि किंमत यांवर असतो. माझ्या मते आधी दोन गोष्टी ठरवाव्यात : एकटे चाक पुढे आहे की मागे, आणि मूल कोठे बसणार आहे. रंगाचा विचार त्यानंतर.

बालरोगतज्ज्ञाला हा विषय परका नाही. अंगणात तीनचाकी सायकल चालविणारे मूल सरळ जाताना क्वचितच पडते. ते पडते वळताना. जोरात येऊन दांडा एकदम फिरवला, की सायकल बाहेरच्या अंगाला कलंडते, आणि हनुवटी फुटलेली किंवा गळपट्टीचे हाड मोडलेले मूल संध्याकाळी आपल्या दवाखान्यात येते. आईचे वाक्य ठरलेले असते : ‘‘तीन चाकं आहेत, म्हणून तर घेतली होती हो!’’ तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही हे खरे. पण डुगडुगणे वेगळे आणि कलंडणे वेगळे.

यामागील शास्त्र सोपे आहे. तिन्ही चाके जेथे जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले, की एक त्रिकोण होतो. गाडी आणि बसणारे यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर कोठेतरी असतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूला ओढला जातो. मोटारीचा पाया चौकोनी असल्यामुळे गुरुत्वमध्यापासून कडेपर्यंत सर्वत्र सारखी जागा मिळते. त्रिकोणात मात्र टोकाकडे जावे तसतशी ती आक्रसत जाते.

एक उदाहरण घेऊ. मागच्या दोन चाकांतील अंतर सव्वा मीटरहून थोडे कमी, म्हणजे १.१५ मीटर; गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकापासून दोनतृतीयांश अंतरावर मागे. अशी गाडी १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी साधारण ३५ किलोमीटर वेगाला आतले चाक उचलू लागते. तेवढ्याच रुंदीची आणि उंचीची चारचाकी त्या वेगाला शांतपणे वळते. वेग आणखी वाढवला तर ती बहुधा आधी घसरते. घसरणे आणि उलटणे यांतला फरक डॉक्टरांना वेगळा सांगायला नको.

आता हाच हिशेब, पण चालकाशेजारी एक मोठा माणूस आणि मांडीवर नातू बसवून, म्हणजे गुरुत्वमध्य पुढे सरकून बरोबर मध्यावर आला असे धरून करू. चाक उचलण्याचा वेग ३५ वरून ३० वर येतो. त्यातच वळता वळता ब्रेक दाबला, तर ओढ पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जाते, आणि तेथे तर चाकच नाही. एकटे चाक पुढे असलेल्या गाडीचे हे जन्मजात वैगुण्य आहे. चाकाचा सोबती मागच्या बाजूस राहिला, त्याला कोणताही कारागीर काय करणार?

याउलट दोन चाके पुढे आणि एक मागे ही रचना ब्रेकच्या बाबतीत उजवी. इंग्लंडमधील मॉर्गन कंपनीने १९१० पासून अशाच गाड्या विकल्या आणि त्या शर्यतींतही धावल्या. २०११ मध्ये त्या कंपनीने जुन्या घाटाची तीनचाकी पुन्हा बाजारात आणली, आणि २०२२ मध्ये ‘सुपर ३’ हे नवे रूप दिले. निव्वळ मौजेसाठी बनविलेल्या तीनचाकीचा तो उत्तम नमुना होय. खरे तर मोटारगाडीचा जन्मच तीन चाकांवर झाला. कार्ल बेंझने जानेवारी १८८६ मध्ये ज्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला तीनच चाके होती, कारण पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळविण्याचा प्रश्न त्याला तोवर समाधानकारकपणे सुटला नव्हता. त्याच जातीच्या गाडीतून १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. मोटारीचा पहिला दूरचा प्रवास तो हाच. कुटुंबाची सहल आणि तीनचाकी यांचे नाते इतके जुने आहे!

पण या नात्याची दुसरी बाजूही आहे, आणि मुलांच्या डॉक्टराने ती सांगितलीच पाहिजे. १९७० मध्ये होंडाने अमेरिकेत फुगीर टायरांची, वाळूत आणि माळरानावर पळणारी एक तीनचाकी काढली. ती विकली गेली ती केवळ मौजेची वस्तू म्हणून. मुलेही ती चालवू लागली. ही गाडी वळविण्यासाठी चालकाला आपले वजन नेमक्या क्षणी नेमक्या बाजूला टाकावे लागते. मुलाजवळ तेवढे वजनही नसते आणि तो अंदाजही नसतो. मणक्याच्या आणि डोक्याच्या दुखापतींची प्रकरणे साचत गेली. अखेर १९८८ मध्ये न्यायालयीन तडजोडीने उत्पादकांनी तेथे नव्या तीनचाकींची विक्री थांबवली, आणि २००८ च्या कायद्याने त्यांच्या आयातीवर व विक्रीवर बंदी आली. चार चाकांच्या तशा गाड्या राहिल्या; पण त्याही सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी सांगत आली आहे.

आता आपल्याकडे काय मिळते ते पाहू.

पहिला पर्याय साइडकारचा. आपल्या पिढीतील अनेकांच्या घरी वडिलांची स्कूटर आणि तिला डाव्या अंगाला जोडलेली ती नावेसारखी पेटी होती. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सुटी करता येणारी साइडकार जोडलेली दुचाकी ही मोटारसायकलच राहते. मात्र ती चालविण्याची विद्या पूर्णपणे वेगळी आहे. डावीकडे वळताना साइडकारचे चाक उचलते, विशेषतः ती रिकामी असेल तेव्हा. वेग वाढवताना गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावताना उजवीकडे. जुन्या स्कूटरचा ज्यांना मनापासून नाद आहे त्यांनीच या वाटेला जावे. आत मूल बसवले तर त्याच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवेच. मोठ्यांचे हेल्मेट मुलाला घालणे म्हणजे डोक्यावर घागर पालथी घालणे.

दुसरा पर्याय मोटारसायकलच्या मागे आस बसवून गॅरेजमध्ये बनविलेल्या ‘ट्राइक’चा. तो मी सरळ निकालात काढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाची मूळ रचना मनाप्रमाणे बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. अपंग व्यक्तींच्या वाहनांसाठी सवलतीची तरतूद आहे, हौसेसाठी नाही. सौराष्ट्रातील छकडो, म्हणजे पुढून बुलेट आणि मागून गाडा, पाहून अनेकांना हुरूप येतो. छकडो पाहावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि घरी यावे.

तिसरा पर्याय साध्या प्रवासी रिक्षेचा, आणि माझे मत तिच्याच बाजूचे आहे. तिचे कुळ चांगले आहे. इटलीत पियाजिओ कंपनीने १९४८ मध्ये व्हेस्पा स्कूटरवरून ‘आपे’ बनविली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. एक नुसती भिरभिरणारी, दुसरी ओझे वाहणारी. आपल्याकडील रिक्षा याच वंशातील. घेताना इंजिन मागे आहे ना, हे जरूर पाहावे. बजाजच्या ‘आरई’ या नावाचा अर्थच ‘रिअर इंजिन’. इंजिनाचे वजन दोन चाकांच्या बाजूला पडले, की वर केलेला हिशेब आपल्या बाजूने झुकतो. विजेवर चालणाऱ्या रिक्षांत बॅटरी तळाशी असेल तर गुरुत्वमध्य आणखी खाली येतो, आणि आवाजही नसतो. मात्र ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेली हलकी ‘ई-रिक्षा’ आणि मोठ्या कंपन्यांची पूर्ण क्षमतेची विजेची रिक्षा या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलीचा सांगाडा आणि ब्रेक पाहूनच माझा उत्साह मावळला.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. खाजगी वापराची तीनचाकी हा कायद्याने मान्य केलेला स्वतंत्र प्रकार आहे. तिला पांढरी पाटी मिळते (विजेची असेल तर हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे), आणि नोंदणी पंधरा वर्षांची असते. भाड्याची जुनी रिक्षा स्वस्तात मिळते म्हणून घ्यायची असेल, तर आधीच्या मालकाने परवाना परत करून आणि वर्ग बदलून दिल्यावरच पैसे द्यावेत. विमाही खाजगी वापराचाच घ्यावा. हात स्कूटरसारखे धरायचे असले तरी दुचाकीचे लायसन्स येथे चालत नाही. आणि पांढऱ्या पाटीवर विसंबून राहू नये. न्यायमंदिरापाशी सिग्नलला थांबलो असता एक गृहस्थ पिशवीसकट मागे बसून ‘‘स्टेशन’’ म्हणाले होते. त्यांना पोहोचवले, पैसे अर्थातच घेतले नाहीत.

पैसे मोजण्यापूर्वी गाडी मोकळ्या मैदानावर एकट्याने चालवून पाहावी. चुन्याने मोठे वर्तुळ आखून प्रथम ताशी १५ आणि मग २० किलोमीटर वेगाने दोन्ही दिशांनी फिरावे. दांड्यात खेळ आहे का, पुढचे चाक थरथरते का, सरळ रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला जाते का, हे तेव्हाच कळते. मोटारवाल्यांना एक सवय मोडावी लागते. खड्डा दोन चाकांच्या मधून काढण्याची आपली खोड येथे उपयोगी नाही, कारण तिसरे चाक नेमके मधूनच येते. ज्यांची मान किंवा खांदा धरलेला असतो त्यांनी अर्धा तास सलग चालवून मगच ठरवावे. खडबडीत रस्त्यावर दांडा हाताला चांगलाच झटके देतो.

राहिला मुलांचा प्रश्न. माझ्या गाडीत चालकाच्या आसनावर चालकाशिवाय कोणीही बसत नाही, मांडीवर तर नाहीच. मुले मागच्या आसनावर, दोन, फार तर तीन, आणि त्यांच्याबरोबर एक मोठे माणूस. दोन्ही बाजूंना आडवे दांडे किंवा अर्धे दार बसवून घेतलेले असावे. बाजार-रिक्षेला ते बहुधा उजवीकडेच असते. उभे राहणे नाही, हात बाहेर काढणे नाही. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन यात फिरवू नये, कारण धक्का बसला की दहा किलोचे बाळ कोणाच्याही हातात राहत नाही. वेग ३० च्या आत, वळणाआधी ब्रेक आणि वळणावर पाय मोकळा. बारा-तेरा वर्षांचा नातू ‘‘सोसायटीच्या आवारातच चालवतो ना’’ म्हणून मागे लागतो, तेव्हा त्याला नाही म्हणावे. आवारातील वळण रस्त्यावरील वळणापेक्षा अरुंद असते, आणि अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला व वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याऐवजी त्याला तो वर्तुळाचा हिशेब कागदावर करायला द्यावा. आठवीच्या मुलाला थोडे समजावले तर जमतो.