सपाट रस्त्याचा रविवार

सकाळी साडेसात

नाचणगावात सायकल दुरुस्तीचं दुकान रविवारी बंद ठेवून भागत नाही. पोट्ट्यांना शाळा नसते, म्हणून आठवडाभराची मोडतोड त्याच दिवशी येते. शटर वर केलं, पंप बाहेर काढला, घमेल्यात पाणी भरलं. तारीख 13 जुलै 2025. संध्याकाळी टूर द फ्रान्सचा नववा टप्पा होता. शिनाँ ते शातोरू, 174 किलोमीटर, चढ नावालाच.

साडेआठ

शेजारचे गुरुजी हवा भरायला आले. आदल्या संध्याकाळी लाव्हालपर्यंतचा टप्पा माझ्याच फोनवर पाहिलेला. तोही सपाट. "मले तर झोप लागली जी. एखादा घाट तरी ठेवाले पाह्यजे होता त्याहिनं." मी वाद घातला नाही. जोनाथन मिलाननं शेवटच्या धावेत बाजी मारली, त्याआधीचे तीन तास कोणी मनावर घेतलेच नव्हते. घाटाचं कौतुक आपल्यालाही काही कमी नाही. मुंबई–पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' असतो. पनवेलच्या सरळ रस्त्याचा राजा कोणी ऐकलाय?

दहा ते एक

दोन पंक्चर, एक फ्रीव्हील, एका रिमचा आउट. आउट काढताना हात आपोआप चालतो, डोकं मोकळं असतं. सपाट रस्त्यावर कंटाळा का येतो, याचं कारण वारा. आइंडहोव्हनच्या बर्ट ब्लोकेन यांनी 2018 साली 121 स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी आत बसलेल्या स्वाराला हवेचा रोध एकट्याच्या तुलनेत पाच-दहा टक्केच. म्हणजे मागचे आरामात, आणि पळून गेलेला बिचारा सगळा वारा छातीवर घेतो. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांचा ठोकताळा तर प्रसिद्धच आहे: घोळका पेटला की दहा किलोमीटरला एक मिनिट कापतो. शेवटच्या धावेसाठी वेगवान स्वार बाळगणारे संघ हे गणित सांभाळून पळालेल्यांना पुढे झुलवत ठेवतात आणि शेवटी गिळतात. निकाल आधीच ठाऊक असला, तर पळायचं कोणी?

दुपारी दोन

जेवण. मग एकजण वर्ध्याला जाणारी सायकल घेऊन आला, मागचं चाक डुगडुगत होतं. कोन आवळून दिला. या दिवसांत वारा पश्चिमेचा. जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोच सपाट रस्ता दम काढतो. आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं 11 दिवस 21 तास 11 मिनिटांत पूर्ण केली. जवळपास 5,000 किलोमीटर, मध्ये कॅन्ससचं मैदान, आणि एकट्यानं उतरणाऱ्याला कोणाच्या आडोशानं चालवायला मनाई. मैदान सोपं असतं हे त्यांना सांगून पाहावं.

पावणेपाचच्या सुमारास

फोन ग्रीसच्या डब्याला टेकवला. झेंडा पडताच मॅथ्यू व्हान डर पूल आणि त्याचाच सहकारी योनास रिकार्ट सुटले. दोघंच! एकाच संघाचे! गुरुजी म्हणाले, "वेडे झाले काय?" वेडच होतं. रिकार्टला एकदा तरी टूरच्या मंचावर उभं राहायचं होतं, त्याच्यासाठी हा उद्योग.

सहा ते साडेसात

अंतर पाच मिनिटांच्या पुढे गेलं, मग उतरू लागलं. मी एक चेन बदलली, दोन मुलांच्या ब्रेकच्या तारा घातल्या, मधूनच मान वर करून आकडा पाहिला. सपाट टप्पा असाच पाहायचा असतो असं माझं ठाम मत आहे. हात रिकामे ठेवून पाहाल तर गुरुजींसारखी झोप येणारच.

आठ

हात पुसले. शातोरू म्हणजे मार्क केव्हेंडिशनं तीनदा जिंकलेलं गाव. 2008 साली टूरमधला त्याचा पहिला टप्पाविजय इथलाच. घोळका जवळ आला. सहाएक किलोमीटर उरले असताना रिकार्ट गळाला, व्हान डर पूल एकटाच रेटत राहिला. दुकानासमोर चार माणसं जमली, त्यातल्या दोघांना शर्यत कसली तेही ठाऊक नव्हतं. शेवटच्या किलोमीटरमध्ये, रेषा समोर दिसत असताना, त्याला गाठलं. टिम मर्लिए पहिला, मिलान दुसरा. "अरेरे" असा आवाज नाचणगावात एका डच माणसासाठी निघाला. मंचावर मात्र रिकार्ट चढला, झुंजार स्वाराचं बक्षीस घ्यायला.

साडेआठ

सरासरी वेग ताशी 50 किलोमीटरच्या किंचित वर. वेळेविरुद्धचे टप्पे सोडले, तर टूरच्या इतिहासातला दुसरा सर्वांत वेगवान टप्पा. 1999 मध्ये ब्लुआला मारिओ चिपोलिनीनं जिंकलेला 50.355 चा तेवढा पुढे. शनिवारचा रस्ता सपाट, रविवारचाही सपाट. शनिवारी कोणी जीव टाकला नाही, दोष एवढाच. सपाट टप्पे काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही: 21 टप्प्यांत सगळे डोंगर घातले तर मिलान-मर्लिएसारख्यांना यायचं कारणच उरणार नाही, आणि डोंगरवालेही तिसऱ्या आठवड्यात नुसते सरपटतील.

पुढच्या जुलैत सपाट टप्प्यासाठी सुट्टी काढू नका. काम पुढ्यात घेऊन बसा, आणि शेवटचे पंचवीस किलोमीटर उरले की मग फोनवरून नजर हलवू नका.