वारा नाही, तरी लाट कशी?

शाळा उघडण्याआधीचा शेवटचा रविवार गाठून पिंपरी-चिंचवड, चाकणकडच्या गाड्या कोकणात उतरतात. ११ जून २०२३ हा असाच रविवार. गणपतीपुळ्याला लोक पाय ओले करत उभे होते. एकाएकी लाटा थेट दुकानांत शिरल्या. स्टॉलवरचं सामान वाहून गेलं, काही पर्यटक जखमी झाले.

‘बिपरजॉय’ चक्रीवादळ तेव्हा शेकडो किलोमीटर दूर, भर अरबी समुद्रात होतं. (नाव बांगलादेशानं सुचवलेलं; अर्थ संकट!)

वादळाखाली लहान-मोठ्या असंख्य लाटा उठतात. त्यांतल्या लांब लाटा सगळ्यांत वेगानं पळतात आणि वाटेत फारशा विरत नाहीत. दर १२ सेकंदांनी येणाऱ्या लाटेची ऊर्जा खोल पाण्यात ताशी सुमारे ३४ किलोमीटरनं सरकते. वादळ स्वतः बहुतेकदा त्याच्या निम्म्या चालीनं रेंगाळतं. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की लाट मंदावते, पण उंचावते.

मोबाइलवर फक्त पाऊस बघून निघणारे इथेच फसतात. उंच लाटांचा इशारा हैदराबादचं ‘इनकॉइस’ हे केंद्र वेगळा देतं.

बिपरजॉय जमिनीवर आलं ते १५ जूनला, कच्छमधल्या जखाऊ बंदराजवळ. त्याच दिवशी इकडे शाळेची घंटा वाजली.