गाठ पोटावर, फोटो छातीचा

गाठ कुत्रीच्या पोटावर, मागच्या आचळाला. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे कागदोपत्री बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात न्या किंवा दादरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये, डॉक्टर गाठ चाचपून म्हणणार, ‘आधी छातीचा एक्सरे काढू.’ मालकाला वाटतं, बिल वाढवायचे धंदे! या बाबतीत तरी तसं नसतं.

अंगभर फिरून आलेलं रक्त हृदयातून थेट फुप्फुसांत जातं. तिथल्या केशवाहिन्या इतक्या बारीक, की गाठीतून सुटलेल्या पेशी तिथेच अडकतात आणि काही रुजतात. नसबंदी न केलेल्या कुत्र्यांत आचळांच्या गाठी सर्रास होतात. त्यांतल्या साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. तो फुप्फुसांत पोचला असेल, तर गाठ काढायच्या एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा त्रास म्हाताऱ्या कुत्रीला द्यायचा का, हे आधीच ठरवलेलं बरं.

एका फोटोवर मात्र भागत नाही. कुत्रं कुशीवर झोपवलं की खालचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते. एक्सरेत हवा काळी, गाठ पांढरट. हवाच गेली तर गाठ उठून दिसणार कशी? म्हणून एक फोटो उजव्या कुशीवर, एक डाव्या, एक उताणं. तेही श्वास पुरता आत घेतलेला असताना. मे महिन्यात धापा टाकणाऱ्या लॅब्रेडॉरचा तो क्षण पकडणं तंत्रज्ञाची परीक्षाच. त्यात आचळाचं बोंडही गोल ठिपका होऊन फसवतं; मग त्यावर बेरियमचं बोट लावून पुन्हा फोटो.

‘फोटो क्लिअर’ ऐकून पेढे वाटू नयेत. अर्ध्या सेंटिमीटरहून लहान गाठ एक्सरेत सहसा सापडत नाही. सीटी स्कॅनमध्ये एक-दोन मिलिमीटरचीही दिसते, पण त्यासाठी बहुतेकदा भूल द्यावी लागते. पायाच्या हाडाच्या कर्करोगात तर पहिल्या फोटोत पसरलेलं दिसणारी कुत्री दहांत एकही नसतात; तरी पाय काढूनही बहुतेकांना पुढे फुप्फुसांतला कर्करोगच नेतो.

लालबागच्या गल्लीतल्या भटक्याची गोष्ट निराळी. समागमातून लागणारी त्याची गाठ फुप्फुसांत क्वचितच जाते आणि व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बहुधा विरघळते.

काढलेले फोटो मात्र मागून घ्या, जपा. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या फुप्फुसांत चुनखडीसारखे निरुपद्रवी ठिपके असतात. ठिपका जुना की नवा, हे मागचा फोटो शेजारी लावल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही.