मलाशयाचा कर्करोग लवकर सापडला, तर ऑपरेशन कोणतं?

शौचावाटे पडणारं रक्त मूळव्याधीचं समजून अंगावर न काढता वेळेवर तपासून घेतलं, तर मलाशयाचा कर्करोग पहिल्या टप्प्यातच सापडू शकतो. मग घरात चर्चा सुरू होते ती ऑपरेशनची, आणि बऱ्याचदा ऐकीव माहितीच्या आधारावर.

गैरसमज : गाठ लहान आहे, मग लहान ऑपरेशन पुरे.
वस्तुस्थिती : आकाराइतकीच खोली महत्त्वाची. गाठ अस्तराखालच्या थरापर्यंत गेली असेल तर टी-१, स्नायूच्या थरात उतरली असेल तर टी-२. टी-१मध्येही साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत रोग जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचलेला असतो. टी-२मध्ये सुमारे २० टक्के. म्हणून गुदद्वारातून फक्त गाठ काढणं हे निवडक टी-१ रुग्णांसाठीच योग्य : गाठ ३ सेंटिमीटरहून लहान, पेशी फारशा आक्रमक नाहीत, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. त्यासाठी आधी एमआरआय आणि शक्य असल्यास मलाशयाच्या आतून सोनोग्राफी हवी.

गैरसमज : दुसरं ऑपरेशन सांगितलं, म्हणजे पहिलं फसलं.
वस्तुस्थिती : गुदद्वारातून गाठ काढताना लसिका ग्रंथी आतच राहतात. खरी खोली कळते ती काढलेल्या गाठीच्या बायोप्सी अहवालातून. त्यात धोक्याच्या खुणा दिसल्या तर लगेच मोठं ऑपरेशन करून घेणं, रोग परतण्याची वाट पाहण्यापेक्षा सुरक्षित.

गैरसमज : मोठं ऑपरेशन म्हणजे पोटावर शौचाची कायमची पिशवी.
वस्तुस्थिती : इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२मध्ये मांडलेल्या टीएमई (टोटल मेसोरेक्टल एक्सिजन) पद्धतीत मलाशय आणि त्याभोवतीचं चरबीचं आवरण ग्रंथींसह अखंड काढतात. त्यानंतर बहुतेकदा आतडं जोडता येतं. पिशवी लागली तरी अनेकदा काही महिन्यांपुरती. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंत किंवा त्यांना अगदी लागून असेल, तर मात्र ती कायमची लागू शकते. आतडं जोडल्यावरही काहींना वारंवार, घाईघाईने शौचाला जावं लागतं. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारीही उद्भवू शकतात. हे सगळं ऑपरेशनआधीच विचारून घ्यावं.

गैरसमज : रोबोट किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनने कर्करोग बरा होण्याची खात्री जास्त.
वस्तुस्थिती : २०१५च्या ‘कलर-२’ या मोठ्या अभ्यासात दुर्बिणीचं ऑपरेशन आणि पोट उघडून केलेलं ऑपरेशन, दोन्हींत ३ वर्षांत त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण ५ टक्केच होतं. दुर्बिणीने वेदना कमी होतात, रुग्ण लवकर सावरतो. पण रोगाच्या दृष्टीने सर्जनचा हात आणि अनुभव जास्त मोलाचे.

गैरसमज : रायपूरमध्ये सोय नाही, थेट मुंबई गाठावी.
वस्तुस्थिती : एम्स, आंबेडकर रुग्णालयातलं प्रादेशिक कर्करोग केंद्र आणि नवा रायपूरचं बाल्को मेडिकल सेंटर इथे कर्करोगावर उपचार होतात. दुसरं मत हवंच असेल तर अहवाल आणि बायोप्सीच्या स्लाइड आधी पाठवता येतात.

रुग्णालय कोणतंही असो, तीन प्रश्न नक्की विचारा : गाठ किती खोल आहे? ग्रंथींत रोग असण्याची शक्यता किती? माझ्या बाबतीत दुसरा पर्याय कोणता, आणि तो का नको? यांची स्पष्ट उत्तरं मिळेपर्यंत थोडा वेळ घेणं हा तुमचा हक्क आहे.