पोकेमॉन

हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी जपानमध्ये निर्माण झालेला, काल्पनिक प्राण्यांचा संग्रह व त्यांची द्वंद्वे यांवर आधारलेला भूमिकाप्रधान खेळ. ‘पॉकेट मॉन्स्टर’ (खिशात मावणारे अजब प्राणी) या नावाचे हे संक्षिप्त रूप होय. ‘लाल’ व ‘हिरवी’ अशा त्याच्या दोन आवृत्त्या २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेंडो कंपनीने गेम बॉय या यंत्रासाठी प्रसिद्ध केल्या. खेळाची रचना गेम फ्रीक या संस्थेने केली. तिचे संस्थापक सातोशी ताजिरी (१९६५–   ) यांचे बालपण टोकिओजवळील माचिदा येथे गेले. तेथील शेते व तळी बुजून वस्ती वाढण्यापूर्वी कीटक गोळा करणे हा त्यांचा छंद होता. या छंदातच खेळाची मूळ कल्पना आढळते.

गेम बॉय हे १९८९ चे यंत्र १९९६ मध्ये जुनेच झाले होते. त्याच्या पडद्यावर आडवे १६० व उभे १४४ ठिपके आणि करड्या रंगाच्या केवळ चार छटा दिसत. मात्र दोन यंत्रे जोडणारी एक तार त्यासोबत वापरता येई. एरवी ती स्पर्धेसाठीच उपयोगात येई. तारेतून एखादा कीटक या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जात आहे, असे चित्र ताजिरी यांच्या मनात आले, आणि खेळाला त्याचे वैशिष्ट्य लाभले.

खेळणारा कांटो नावाच्या प्रदेशातून (जपानमधील याच नावाच्या विभागावरून रचलेल्या) प्रवास करतो. गवतात, गुहांत व पाण्यात आढळणाऱ्या प्राण्यांना दुर्बल करून, चेंडू टाकून पकडावयाचे. सहांपर्यंत प्राणी जवळ बाळगावयाचे. आठ मल्लशाळांच्या प्रमुखांना हरवून पदके मिळवावयाची, असा त्याचा क्रम आहे. प्राण्यांचे १५ प्रकार असून त्यांचे परस्परसंबंध ठरलेले आहेत : पाणी अग्नीवर दुप्पट परिणाम करते, तर वनस्पतींवर निम्माच, विजेचा जमिनीच्या प्राण्यांवर काहीच परिणाम होत नाही. प्रत्येक प्राण्याला एका वेळी चारच डावपेच येतात. त्यामुळे बळापेक्षा निवडीला महत्त्व येते. या तक्त्यात एक ठळक चूक राहून गेली. भुताच्या प्रकारातील डावाने मानसिक शक्तीच्या प्राण्यांना नमवावे, असे खेळातच सांगितलेले असले, तरी प्रत्यक्षात त्याचा काहीही परिणाम होत नसे; परिणामी मानसिक शक्तीचे प्राणी जवळजवळ अजिंक्य ठरले. द्वंद्वात हरलेला प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो. तथापि लॅव्हेंडर टाउन या गावच्या मनोऱ्यात मेलेल्या प्राण्यांची स्मारके आहेत, हे मुलांच्या खेळात अनपेक्षित वाटते.

लढाया अनेक असल्या, तरी खेळाच्या प्रारंभी प्राध्यापक ओक खेळणाऱ्याच्या हाती सोपवितात ती एक कोरी सूची. १५० प्राण्यांची तीत नोंद करणे हे खरे उद्दिष्ट होय आणि ते एकट्याने साधत नाही. काही प्राणी फक्त लाल आवृत्तीत, काही फक्त हिरवीत आढळतात. चार प्राण्यांचे अंतिम रूपांतर तर ते दुसऱ्याला देऊ केल्यावरच होते. प्रारंभीच्या तिघांपैकी एकच निवडता येतो, उरलेल्या दोघांसाठी मित्र शोधावा लागतो. एका खेळणाऱ्याला जाणूनबुजून अपुरा ठेवणारी ही योजना व्यापारी लाभाची होती, हे खरे. तथापि शाळेच्या आवारात तारेच्या दोन टोकांना बसलेली मुले तिनेच निर्माण केली.

१५१ वा प्राणी म्यू हा शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी शेवटी, चाचणीची साधने काढून टाकल्यावर उरलेल्या थोड्या जागेत, गुपचूप घातला. तो सरळ खेळून मिळत नसे. त्याची अफवा पसरल्यावर एका बालमासिकाने २० वाचकांना तो देण्याची स्पर्धा जाहीर केली, तिला सु. ७८ हजार अर्ज आले. अमेरिकेत ‘लाल’ व ‘निळी’ आवृत्ती १९९८ मध्ये आली. पत्ते (१९९६), दूरचित्रवाणी मालिका (१९९७) व भ्रमणध्वनीवरील खेळ (२०१६) हे विस्तार सुपरिचित आहेत.

खेळाची कार्ट्रिज (भारतात मुले अशा डबीला ‘कॅसेट’ म्हणत) आपली नोंद एका बटणाएवढ्या लिथियम घटाच्या आधारे जपते. घट संपला की पकडलेले प्राणी, त्यांना दिलेली नावे, कोणी कोणास दिले याची खूण, सर्व पुसले जाते; घट बदलताना वीजपुरवठा तुटला तरीही तेच घडते. १९९९ च्या ‘सोनेरी’ व ‘रुपेरी’ आवृत्त्यांशी या प्राण्यांची देवघेव होऊ शके. २००२ च्या ‘माणिक’ व ‘नीलम’ आवृत्त्यांपासून तो दुवा तुटला. २०१६ मध्ये खेळाचे पुनःप्रकाशन झाले व त्यातील प्राण्यांना नव्या आवृत्त्यांत नेण्याची सोय झाली. मूळ कार्ट्रिजमधील प्राण्यांना मात्र ती लागू नाही. ते घट टिकेपर्यंतच आहेत, आणि अनेकांचे घट आता संपले आहेत.